दिवा आणि दिवठणी : एका ख्रिस्ती वचनाचा व्यवहारातील अर्थ

१. प्रश्नाचे स्वरूप

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ५ ते ७ या अध्यायांत येशू ख्रिस्ताचा जो उपदेश ग्रथित झाला आहे, तो ‘डोंगरावरील प्रवचन’ या नावाने प्रसिद्ध आहे. ख्रिस्ती आचारधर्माची बहुतेक मूलतत्त्वे या तीन अध्यायांत आलेली असल्यामुळे त्यांवर प्राचीन काळापासून विपुल भाष्ये झाली. या प्रवचनातील दोन आदेश मात्र वरवर पाहता परस्परांना छेद देतात. पाचव्या अध्यायाच्या १४ ते १६ या वचनांत शिष्यांना जगाचा प्रकाश म्हटले आहे. लावलेला दिवा कोणी मापाखाली झाकीत नाही, तो दिवठणीवर ठेवतो. त्याचप्रमाणे शिष्यांचा प्रकाश लोकांसमोर पडावा, त्यांची सत्कृत्ये लोकांच्या दृष्टीस यावीत आणि ती पाहून लोकांनी स्वर्गातील पित्याचे गौरव करावे, असा या वचनांचा आशय आहे. लगतच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी मात्र याच्या नेमके उलट सांगितल्यासारखे वाटते. लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नये. दान असे असावे की एका हाताचे दुसऱ्या हाताला कळू नये. उपास चेहऱ्यावर दिसू देऊ नये. आणि प्रार्थना करावयाची ती खोलीत जाऊन, दार लावून करावी.

दिवा दिवठणीवर ठेवावयाचा की दार लावून घ्यावयाचे, हा प्रश्न केवळ भाष्यकारांच्या कुतूहलाचा नाही. श्रद्धा ही अंतःकरणाची गोष्ट असली, तरी माणूस राहतो तो इतरांच्या सहवासात. त्याची श्रद्धा त्याच्या स्वयंपाकघरात, कार्यालयात, शाळेत व शेजारात या ना त्या रीतीने प्रकट होतेच. ते प्रकट होणे कोठवर स्वाभाविक असते व कोठून पुढे त्याचे प्रदर्शन होऊ लागते, हा प्रत्यक्ष व्यवहारातील प्रश्न आहे. श्रद्धावान माणूस व त्याचे शेजारी भिन्न धर्मांचे असतील, तर तो अधिकच बिकट होतो. महाराष्ट्रात १८९३ साली पुण्याच्या शारदा सदनात हा प्रश्न अत्यंत तीव्र स्वरूपात उभा राहिला. प्रस्तुत लेखात प्रथम मूळ वचनाचा अर्थ पाहून मग त्या प्रसंगाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

२. दृष्टांतातील वस्तू

दृष्टांत समजण्यासाठी प्रथम त्यातील वस्तू समजल्या पाहिजेत. पहिल्या शतकातील पॅलेस्टाइनमध्ये सामान्य घरातील दिवा म्हणजे मातीची एक लहानशी, वातीसाठी तोंड असलेली पणती होय. तीत ऑलिव्हचे तेल जाळीत. ‘माप’ या अर्थी ग्रीक संहितेत ‘मोदिओस’ हा शब्द आलेला आहे. तो मूळचा लॅटिन शब्द असून, आपल्याकडील पायलीप्रमाणे धान्य मोजण्याच्या भांड्याचे ते नाव होते. या मापात सुमारे ८ ते ९ लिटर धान्य मावत असे. मराठी बायबलने योजिलेला ‘दिवठणी’ हा शब्दही अगदी घरगुती आहे.

या वस्तूंवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, मत्तयाच्या वचनात हा दिवा घरातील सर्वांना प्रकाश देतो. गरिबाचे घर बहुधा एकखणी असल्यामुळे एका पणतीचा उजेड घरातील प्रत्येकावर पडत असे. दुसरी गोष्ट अशी की, जळती पणती भांड्याखाली झाकून ठेवली तर ती लपत नाही, विझते; आत हवा पोहोचत नाही. दिवा विझवितांना धूर पसरू नये म्हणून असे भांडे वर पालथे घालीत असावेत, असेही काही अभ्यासकांनी सुचविले आहे. तसे असो वा नसो, दृष्टांताचा रोख स्पष्ट आहे. झाकलेला प्रकाश हा गुप्त प्रकाश राहत नाही, तो प्रकाशच राहत नाही. श्रद्धा पूर्णतः खाजगी ठेवता येईल, ही कल्पनाच येथे नाकारलेली दिसते.

३. वचनाची भाषा

ग्रीक संहितेतील वाक्यरचनेकडे लक्ष दिले म्हणजे वर निर्देशिलेला विरोध बराचसा निवळतो. शिष्यांना प्रकाश म्हणणारे वाक्य आज्ञार्थी नाही, विधानार्थी आहे. प्रकाश ‘व्हा’ असे त्यात म्हटलेले नाही, तर ते प्रकाश ‘आहेत’ असे म्हटले आहे. पुढील आज्ञार्थी क्रियापद ‘लाम्प्सातो’ हे तृतीय पुरुषी असून त्याचा कर्ता ‘तुमचा प्रकाश’ हा आहे. म्हणजे आज्ञा चमकण्याची नाही. आहे त्या प्रकाशाला चमकू देण्याची, त्याच्या आड न येण्याची आहे. शिवाय ‘तुमचा’ हे सर्वनाम अनेकवचनी व ‘प्रकाश’ हे नाम एकवचनी आहे. हा एकेकट्या साधूचा तेजोवलय नसून एकत्र राहणाऱ्या माणसांचा सामायिक उजेड आहे. सत्कृत्यांसाठी योजिलेले ‘कालोस’ हे विशेषणही अर्थपूर्ण आहे. त्यात चांगुलपणाबरोबर सौंदर्याचीही छटा असल्यामुळे पाहणाऱ्याला आपोआप आवडावे असे कृत्य, असा त्याचा ध्वनी होतो.

याच्या उलट सहाव्या अध्यायातील निषेध हेतूविषयी आहे. तेथील ‘थेआथेनाय’ म्हणजे ‘पाहिले जाणे’ हे क्रियारूप ‘थेआत्रोन’ म्हणजे नाट्यगृह या शब्दाच्याच कुळातील होय. दांभिकासाठी वापरलेल्या ‘हुपोक्रितेस’ या शब्दाचा ग्रीक भाषेतील रूढ अर्थ ‘नट’ असा होता. तेव्हा दिवठणी आणि रंगभूमी यांतील भेद हाच या दोन अध्यायांचा खरा विषय आहे. दोहोंवरही उजेड असतो. परंतु रंगभूमीवरचा उजेड नटावर पडतो व दिवठणीवरचा उजेड घरावर पडतो. दिव्याच्या उजेडात घरातील माणसे एकमेकांना पाहतात, वाट पाहतात, काम करतात. दिव्याकडेच कोणी टक लावून बसत नाही.

४. भाष्यकारांची उत्तरे

हा विरोध प्राचीन भाष्यकारांच्याही दृष्टीस पडला होता. संत ऑगस्टीन याने इ. स. ३९४च्या सुमारास डोंगरावरील प्रवचनावर लिहिलेल्या भाष्यात असे प्रतिपादिले की, लोकांनी सत्कृत्ये पाहावीत एवढ्यावरच मूळ वाक्य थांबत नाही. पित्याचे गौरव व्हावे, येथे ते पूर्ण होते. लोकांच्या प्रशंसेपाशी जो थांबतो तो अर्धेच वाक्य वाचतो. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर याने या विचाराला व्यवहाराची जोड दिली. ईश्वराचे पाचारण केवळ मठवासी व धर्मगुरू यांनाच असते, हे मत त्याने त्याज्य ठरविले. घरधनी, मोलकरीण, कारागीर यांचे रोजचे काम हेही पाचारणच होय, असे त्याचे म्हणणे होते. जर्मन भाषेतील ‘बेरूफ’ या शब्दाला पाचारण आणि व्यवसाय हे दोन्ही अर्थ चिकटले, ते मुख्यतः त्याच्या वापरामुळे.

विसाव्या शतकात जर्मन ईश्वरशास्त्रज्ञ डीट्रिख बोन्हॉफर याने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या शिष्यत्वविषयक ग्रंथात प्रश्नाची मांडणीच बदलली. सत्कृत्य दिसले पाहिजे व गुप्तही राहिले पाहिजे, हे दोन्ही खरे असेल तर ते गुप्त राहावयाचे कोणापासून? त्याचे उत्तर असे की, कर्त्यापासून. नाझी राजवटीला केलेल्या विरोधामुळे १९४५च्या एप्रिलमध्ये फाशी गेलेल्या या लेखकाच्या बाबतीत हे उत्तर निव्वळ शब्दांचा खेळ ठरत नाही. मराठीत ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण उणीव दाखविण्यासाठी वापरतात. बोन्हॉफरच्या दृष्टीने पाहता तिला एक वेगळाच अर्थ प्राप्त होतो. दिव्याला स्वतःचा उजेड दिसत नाही, हेच त्याच्या दिवेपणाचे लक्षण ठरते.

५. शारदा सदनातील उघडे दार

तत्त्व म्हणून हे समाधान पुरेसे आहे. परंतु ज्या घरात दिवा ठेवावयाचा ते घर एका धर्माचे नसेल, तर काय? पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा प्रश्न उभा राहतो.

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही विदुषी कन्या १८५८ साली जन्मली. १८७८ साली कलकत्त्यास तिच्या संस्कृत व्यासंगाचा गौरव ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी झाला. पतिनिधनानंतर रमाबाई इंग्लंडला गेल्या व तेथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे अमेरिकेत त्यांच्या कार्यास साहाय्य करण्यासाठी बोस्टन येथे मंडळ स्थापन झाले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. १८९० साली ते पुण्यास आले. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींच्या आचारविचारांत हस्तक्षेप करावयाचा नाही, अशी हमी या संस्थेच्या मुळाशी होती. त्या हमीच्या बळावरच महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार म्हणून पाठीशी उभी राहिली. या हमीवर विसंबूनच पालकांनी केशवपन व कोंडवाडा यांतून सुटू पाहणाऱ्या आपल्या मुली तेथे धाडल्या.

रमाबाईंनी सदनात धर्माचे वर्ग घेतले नाहीत. मात्र आपल्या खोलीत त्या रोज बायबल वाचीत व प्रार्थना करीत, आणि त्या वेळी खोलीचे दार उघडे असे. ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येऊन बसत. त्यांची संख्या वाढत गेली तेव्हा पुण्यात खळबळ उडाली, वृत्तपत्रांतून कडक टीका झाली, आणि १८९३ साली सल्लागार मंडळाने सदनाशी असलेला संबंध तोडला. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. बोस्टनच्या मंडळाने मात्र रमाबाईंवरील विश्वास कायम ठेवला.

या प्रसंगाची चर्चा बहुधा एका बाजूचा कैवार घेऊन केली जाते. वस्तुतः येथे दोन खऱ्या कर्तव्यांचा संघर्ष होता. रमाबाईंची बाजू अशी की, स्वतःच्या खोलीतील उपासना ही त्यांची स्वतःची आहे. दुसऱ्यांना शिकवावयाचे नाही असे त्यांनी कबूल केले होते. स्वतःची श्रद्धा लपवावयाची असे नव्हे. सदनातील मुलींना आपापल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक असतांना केवळ चालिकेनेच दार लावून घ्यावे, असा आग्रह धरणे म्हणजे दिव्यावर माप पालथे घालण्यास सांगणेच होते. दार लावून प्रार्थना करण्याचा आदेश प्रदर्शनाची हौस असणाऱ्यास आहे. ज्याच्या उपासनेवर इतरांनी पडदा टाकू पाहिला त्यास नव्हे, असे या बाजूने म्हणता येते.

रानडे व भांडारकर यांची बाजूही तितकीच विचारात घेण्याजोगी आहे. हे दोघे धर्मांध नव्हते. प्रार्थनासमाजाच्या या धुरीणांना ख्रिस्ती उपासनेविषयी तिटकारा नव्हता, आणि स्त्रीशिक्षणाच्या कार्यासाठी त्यांनी स्वतः लोकनिंदा सोसली होती. त्यांचा आक्षेप परिणामाविषयी होता. सदनातील मुली अल्पवयीन वा निराधार होत्या. अन्न, वस्त्र, विद्या व माया ही सर्व त्यांना एकाच व्यक्तीच्या हातून मिळत होती. अशा नात्यात उघडे दार हे केवळ दार राहत नाही, ते आमंत्रण होते. एकखणी घरातील दिवा सर्वांवर पडतो. उजेडातून उठून जाण्यास दुसरी खोलीच नसते. पालकांना दिलेल्या शब्दाची अक्षरशः पायमल्ली झाली नसली, तरी पालकांनी त्या शब्दाचा जो अर्थ घेतला होता तो उरला नव्हता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पूर्वोक्त भाष्यकारांनी प्रकाशाचा विचार दिव्याच्या बाजूने केला. दिव्याचा हेतू शुद्ध असावा, प्रशंसा त्याने स्वतःकडे घेऊ नये, स्वतःच्या उजेडाचे त्याला भान नसावे, हे सर्व यथार्थ आहे. परंतु ज्याच्यावर उजेड पडतो त्याचे काय, हा प्रश्न त्यात सुटून जातो. पाहणाऱ्याला न पाहण्याचेही स्वातंत्र्य असेल, तरच त्याने केलेल्या गौरवाला किंमत असते. सत्ता व उपकार यांनी बांधलेल्या माणसासमोर प्रकट केलेली श्रद्धा कितीही निर्मळ असली, तरी तिला या बंधनाचे भान ठेवावे लागते. डोंगरावरील प्रवचनाच्या चौकटीतही हे बसते. त्यातील ७व्या अध्यायात, लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हा नियम सांगितलेला आहेच.

६. प्रकाश कोठे पडला

१८९३नंतर शारदा सदन मोडले नाही. १८९६–९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून शेकडो निराश्रित मुली व स्त्रिया आणल्या आणि पुण्याजवळ केडगाव येथे ‘मुक्ती’ची उभारणी केली. बोस्टनच्या मंडळाशी झालेल्या दहा वर्षांच्या कराराची मुदत १८९८ साली संपली. त्यानंतर संस्थेने आपले ख्रिस्ती स्वरूप उघडपणे स्वीकारले. या उघडेपणामुळे जुना पेच सुटला, असे म्हणावयास हरकत नाही. आत येणाऱ्यास दार कोणत्या घराचे आहे हे निदान ठाऊक झाले. केडगावात शेती, विणकाम व छापखाना चालत असे. अंध स्त्रियांसाठी व समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र निवासांची सोय होती. तेथे श्रद्धेचे दर्शन प्रवचनापेक्षा खुळे जुळविणाऱ्या व माग चालविणाऱ्या हातांतून अधिक घडे.

परंतु या दिव्याचा उजेड केडगावाच्या कुंपणाबाहेरही पडला, आणि तो जेथे पडला ते स्थळ विशेष लक्षणीय आहे. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे वादाच्या त्याच वर्षी, धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. ख्रिस्ती झाल्या नाहीत. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला व १९०० साली तो हिंगण्यास नेला. त्या कार्यातूनच पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ उदयास आले. सदनाच्या उजेडात वाढलेली एक मुलगी हिंदू समाजातील स्त्रीशिक्षणाच्या सर्वात मोठ्या प्रयत्नाच्या उंबरठ्यावर उभी होती. धर्मांतरितांच्या यादीत हा प्रकाश मोजता येत नाही. पण सत्कृत्य पाहून दुसऱ्याने सत्कृत्यास प्रवृत्त व्हावे, एवढाच वचनाचा रोख मानला, तर त्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

७. स्वयंपाकघरातील उजेड

रमाबाईंचे उदाहरण असाधारण व्यक्तीचे आहे; साध्या संसारात हे वचन कसे वावरते हे पाहण्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे वळावे लागते. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सोवळ्याओवळ्याच्या कडक संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, मग एकत्र राहू लागल्या तरी आपला स्वयंपाक निराळा ठेवीत. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे हा विचार त्यांच्या मनात ठसला व कोणाच्याही हातचे खाणेपिणे त्यांनी आरंभिले, ते बाप्तिस्म्याच्या आधी. बाप्तिस्मा १९०० साली झाला. म्हणजे त्यांच्या श्रद्धेचा पहिला उजेड पाण्याच्या पेल्यावर व चुलीवर पडला.

१९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात लेखिका स्वतःच्या पुण्याईचा कोठेही डांगोरा पिटीत नाही. आपले राग, रुसवे, फजित्या ती इतक्या मोकळेपणी सांगते की, वाचक तिच्यावर हसता हसता तिच्या घरातील माणुसकीने भारून जातो. त्याच घरात बालकवी ठोमरे काही काळ मुलासारखे राहिले. ते हिंदू होते व हिंदूच राहिले. त्यामुळे त्या मायेत काही उणे पडले नाही. ऑगस्टीन वा बोन्हॉफर यांच्या परिभाषेशी लक्ष्मीबाईंचा संबंध नव्हता. तरीही दिव्याला स्वतःचा उजेड दिसत नाही, या तत्त्वाचे मराठीतील उत्तम उदाहरण त्यांच्याच लेखनात आढळते.

८. समारोप

एकंदरीत पाहता या वचनाचे तीन निकष हाती येतात. प्रकाश कोणाकडे लक्ष वेधतो, हा पहिला. तो स्वतःच्या भानापासून कितपत मुक्त आहे, हा दुसरा. हे दोन्ही प्राचीन व अर्वाचीन भाष्यकारांनी सांगितले आहेत. ज्याच्यावर तो पडतो त्याला मोकळे राहू देतो की नाही, हा तिसरा निकष शारदा सदनाच्या वादातून स्पष्ट होतो. आणि अनेक धर्मांचे लोक एका छपराखाली राहतात अशा समाजात तो पहिल्या दोहोंइतकाच महत्त्वाचा आहे. श्रद्धा झाकून ठेवल्याने सलोखा साधत नाही, कारण झाकलेला दिवा विझतो. तसेच, आपला हेतू शुद्ध आहे एवढ्यावरून शेजाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करण्याची जबाबदारीही संपत नाही.

रमाबाईंच्या अखेरच्या कार्यात या दोन्ही गोष्टींचा मेळ बसलेला दिसतो. हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, फारसे न शिकलेल्या स्त्रियांनाही समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम त्या दीड दशकाहून अधिक काळ केडगावी करीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडेच आधी भाषांतर पुरे झाले होते. मुक्तीच्या छापखान्यातून ते ग्रंथरूपाने बाहेर पडले १९२४ साली. त्याची जुळणी व छपाई करणाऱ्यांत एकेकाळी दुष्काळातून आणलेल्या मुली होत्या. या ग्रंथाचे दार उघडेच आहे. ज्याला वाचावयाचे असेल त्याने आत यावे, नसेल त्याने पुढे जावे.